घोट्यावरचा व्रण: मंगळवेढा परिसरातील उपचारांचा इतिहास

घोट्याच्या वर, विशेषतः आतल्या बाजूला होणारी आणि महिनोन्‌महिने न भरणारी जखम बहुतेक वेळा शिरांच्या बिघाडातून होते. पायातले अशुद्ध रक्त शिरांमधून हृदयाकडे वर चढते. चालताना पोटरीचे स्नायू आवळले की ते वर ढकलले जाते आणि शिरांमधल्या झडपा ते पुन्हा खाली येऊ देत नाहीत. निश्चल उभ्या असलेल्या माणसाच्या घोट्याजवळच्या शिरेत सुमारे ९० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब असतो. चालू लागल्यावर तो ३० पर्यंत किंवा त्याहूनही खाली उतरतो. झडपा निकामी झाल्या की चालतानाही हा दाब उतरत नाही. मग शिरा फुगतात, नागमोडी होतात, संध्याकाळी पाय सुजतो. घोट्याभोवतीची कातडी आधी तपकिरी, नंतर काळपट व कडक होते आणि तिला सतत खाज सुटते. अशा कातडीला किरकोळ खरचटले तरी जखम होते आणि आतला दाब कायम असल्यामुळे ती भरत नाही. भरली तरी काही महिन्यांनी पुन्हा उघडते.

सोलापूरपासून सुमारे ५५ आणि पंढरपूरपासून सुमारे २५ किलोमीटरवर असलेला मंगळवेढा काळ्या जमिनीसाठी आणि मालदांडी ज्वारीसाठी प्रसिद्ध आहे. इथल्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ज्वारी उपटणे, खुरपणी, ऊसतोड, डोक्यावरून पाणी आणि कडबा वाहणे ही कामे पायांवर आणि वाकून करायची असतात. काढणीनंतर रानात धसकटे उरतात, बांधावर बाभळीचे काटे असतात. शिरांचा आजार प्रामुख्याने आनुवंशिकता, वाढते वय, गर्भारपण, स्थूलपणा आणि पूर्वी शिरेत झालेली रक्ताची गुठळी यांमुळे होतो; तासन्‌तास उभे राहण्याने तो वाढतो. धसकटाची किंवा काट्याची इजा मात्र त्या आजारी पायावर जखमेचे तोंड उघडते. म्हणून कष्टकऱ्यांच्या या मुलखात हा व्रण जुना सोबती आहे.

या व्रणाच्या उपचारांचा इतिहास सुमारे दोन हजार वर्षांचा आहे. त्यातील बहुतेक काळ इलाज जखमेवर होत राहिला, कारण जखमेचे मूळ असलेल्या शिरेपर्यंत कुणाचा हात पोहोचत नव्हता. संस्कृत वैद्यक, युनानी वैद्यक, न्हावी आणि वैदू यांचा हातगुण, मिशनची शस्त्रक्रिया आणि आजचे सुईच्या छिद्रातून होणारे उपचार असे या इतिहासाचे टप्पे मंगळवेढ्याच्या परिसरातून पाहता येतात.

संस्कृत वैद्यकातील व्रण

सुश्रुतसंहितेत व्रणाला फार मोठे स्थान आहे. चिकित्सास्थानाच्या पहिल्याच अध्यायात व्रणावरचे ६० उपक्रम सांगितले आहेत. त्यांत धुणे, लेप, शोधन, रोपण, बंधन इथपासून व्रण भरल्यावर कातडीचा रंग पूर्ववत करण्यापर्यंतचे उपाय येतात. सूत्रस्थानाच्या अठराव्या अध्यायात पट्टी बांधण्याचे १४ प्रकार असून शरीराच्या कोणत्या भागावर कोणता बंध घालावा आणि तो किती घट्ट असावा याचा विचार केला आहे. हातापायांवर गुंडाळत नेण्याचा बंध ‘अनुवेल्लित’ या नावाने येतो. न भरणाऱ्या, स्रवणाऱ्या आणि दुर्गंधी येणाऱ्या जखमेला ‘दुष्टव्रण’ म्हटले आहे. फुगलेल्या शिरांच्या गाठीचे वर्णन ‘सिराज ग्रंथी’ म्हणून निदानस्थानात आढळते.

दूषित रक्त काढून टाकणे हा या चिकित्सेचा महत्त्वाचा भाग होता. सुश्रुताने जळवांचे १२ प्रकार मानले. त्यांतले ६ विषारी आणि ६ निर्विष. जळू कशी पकडावी, कशी पाळावी, कशी लावावी आणि रक्त प्यायल्यावर तिला कशी ओकवावी, हे सर्व त्याने बारकाईने लिहिले आहे. शीर वेधून रक्त काढण्याचा विधी शारीरस्थानात स्वतंत्र अध्यायात येतो. जळू लावल्याने साचलेले रक्त कमी होऊन काही काळ ठणका उतरतो. परंतु झडप निकामी असलेली शीर तशीच राहत असल्याने रक्त पुन्हा खाली येते. या उपायाची मर्यादा ती हीच.

बाराव्या शतकात मंगळवेढा ही कलचुरींची राजधानी होती. बसवेश्वरांच्या आयुष्याचा काही काळ इथेच गेला, असे परंपरा सांगते. त्यांच्याभोवती जमलेल्या शरणांमध्ये हडपद अप्पण्णा हे न्हावी आणि वैद्य संगण्णा हे वैद्य होते. पुढच्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली. अष्टांगहृदयातही जळू, शिरावेध आणि व्रणबंध यांचे स्वतंत्र विवेचन आहे. म्हणजे महाराष्ट्राच्या राजसत्तेच्या केंद्रात हे ज्ञान जिवंत होते आणि त्यावर नव्याने लिहिले जात होते.

ते ज्ञान सर्वांच्या पायापर्यंत मात्र पोहोचत नव्हते. व्रणाची चिकित्सा म्हणजे स्पर्श. जखम धुवावी लागते, पू पुसावा लागतो, रोज पट्टी बदलावी लागते. अस्पृश्यता पाळणाऱ्या समाजात गावकुसाबाहेरच्या माणसाला तो स्पर्शच नाकारलेला होता. १३३८ मध्ये मंगळवेढ्याच्या गावकुसाचे बांधकाम चालू असताना भिंत कोसळली आणि त्याखाली संत चोखामेळा इतर मजुरांसह दबून मरण पावले, अशी परंपरा आहे. गावाची भिंत ज्यांच्या श्रमाने उभी राहिली त्यांना तिच्या आतल्या वैद्याची सेवा मिळत नव्हती. व्रणचिकित्सेच्या इतिहासात हा अन्याय स्पष्टपणे नोंदवला पाहिजे.

ब्रह्मपुरीची छावणी आणि युनानी वैद्यक

१६९५ ते १६९९ या काळात औरंगजेबाची छावणी मंगळवेढ्याजवळ भीमेच्या काठी ब्रह्मपुरी येथे होती. माचणूरचा किल्ला याच काळातला. मोगल सैन्याबरोबर हकीम आणि जखमा बांधणारे जर्राह असत. त्यांचे युनानी वैद्यक ग्रीक वैद्य गॅलन आणि मध्य आशियातील इब्न सीना यांच्या विचारांवर उभे होते. पायाच्या फुगलेल्या शिरांना त्यात ‘दवाली’ म्हणत. ‘सौदा’ म्हणजे काळे पित्त पायात उतरल्याने त्या फुगतात, असे मानले जाई. फस्द म्हणजे शीर कापून रक्त काढणे, जळवा लावणे, डाग देणे आणि पथ्य हे त्यावरचे उपाय होते.

युरोपातली समजूतही दीर्घकाळ हीच होती. प्राचीन ग्रीसमध्ये हिपॉक्रेटिसच्या परंपरेतील वैद्यांनी पायावर व्रण असलेल्या रुग्णाने उभे राहू नये, असे सांगितले होते, आणि ते निरीक्षण अचूक होते. रोममध्ये सेल्ससने शिरा डागण्याचे आणि उपटून काढण्याचे वर्णन केले. पण रक्त शरीरात कसे फिरते हे ठाऊक नसल्यामुळे या उपायांना शास्त्राचा आधार नव्हता.

तो आधार सतराव्या शतकात मिळाला. पादुआच्या फॅब्रिसियसने १६०३ मध्ये शिरांमधील झडपांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याचा विद्यार्थी विल्यम हार्वे याने १६२८ मध्ये रक्ताभिसरण सिद्ध केले. झडपा रक्त हृदयाच्याच दिशेने जाऊ देतात, हा त्याच्या सिद्धतेचा एक मुख्य आधार होता. इंग्लंडचा राजशल्यवैद्य रिचर्ड वाइजमन याने १६७६ मध्ये पायाचा व्रण आणि फुगलेल्या शिरा यांचा संबंध मांडला आणि पायाला आवळून धरणारा, नाडीने बांधायचा चामडी मोजा वापरला. ब्रह्मपुरीला छावणी पडली तेव्हा हार्वेच्या ग्रंथाला ६७ वर्षे झाली होती, पण भीमेच्या काठावर गॅलनचाच विचार चालू होता.

न्हावी, वैदू आणि नारू

गावपातळीवर जखमेचे काम वैद्यापेक्षा न्हाव्याच्या हातून अधिक होई. बारा बलुतेदारांपैकी न्हावी गळू फोडणे, जळू लावणे, तुंबडी लावून रक्त ओढणे अशी किरकोळ शल्यकर्मे करी. वैदू समाजातील भटके लोक झाडपाला, मुळ्या आणि तुंबडी घेऊन बाजारांत आणि यात्रांत फिरत. घरोघरी कडुनिंबाच्या पाल्याचे उकळलेले पाणी, हळद, तूप, मध आणि एरंडाचे पान वापरले जाई. यांतले स्वच्छ धुणे आणि सैलसर का होईना, पट्टी बांधणे उपयोगी होते. राख, माती, तंबाखूची पूड यांसारखे लेप घातक होते. शिरांच्या व्रणाभोवतीची कातडी अत्यंत हळवी असते. तिखट लेपाने ती भाजते, चिघळते आणि व्रण मोठा होतो.

पायाच्या जखमांचे आणखी एक कारण या कोरड्या मुलखात होते. ते म्हणजे नारू. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरणाऱ्यांच्या पायातून जंताच्या अळ्या पाण्यात जात आणि ते पाणी पिणाऱ्यांना वर्षभराने नारू होई. पायावर फोड येऊन फुटे आणि त्यातून दोऱ्यासारखा लांब जंत बाहेर पडे. तो काडीवर रोज थोडाथोडा गुंडाळून काढावा लागे. मध्येच तुटला तर पाय सडे. भारतात नारूग्रस्त असलेल्या सात राज्यांत महाराष्ट्र होता. १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे, हातपंप बसवणे आणि पाणी गाळून पिणे या साध्या उपायांनी १९९६ नंतर देशात नारूचा रुग्ण आढळला नाही. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणित केले. पायाच्या जखमांपैकी एक प्रकार कारण ओळखून समूळ संपवता आला, हे या यशाने दाखवून दिले.

नारू, कुष्ठरोग, मधुमेह, धमनीतला अडथळा आणि शिरांचा बिघाड यांपैकी कशामुळे जखम झाली आहे, हे जुन्या काळी वेगळे ओळखता येत नसे. सगळ्यांवर एकच मलम लागे. कारणे वेगळी करता येणे ही आधुनिक वैद्यकाची पहिली मोठी देणगी आहे.

शिरेपर्यंत पोहोचलेला चाकू

एकोणिसाव्या शतकात युरोपमध्ये शिरांचा अभ्यास झपाट्याने पुढे गेला. १८४६ मध्ये बेंजामिन ब्रॉडीने रुग्णाला तपासून झडपा निकामी आहेत का हे ठरवण्याची रीत सांगितली. १८५३ मध्ये फ्रान्समध्ये प्रवाझने पिचकारीचा शोध लावला आणि शिरेत औषध टोचून ती बंद करण्याचे प्रयत्न सुरू झाले. मात्र निर्जंतुकीकरणाअभावी ते अनेकदा जिवावर बेतत. १८६८ मध्ये जॉन गे याने दाखवले की वरच्या शिरा फुगलेल्या नसतानाही व्रण होऊ शकतो. खोल शिरा आणि वरच्या व खोल शिरांना जोडणाऱ्या शाखा यांचा बिघाडही तितकाच महत्त्वाचा आहे, हे त्यामुळे कळले. जर्मनीतील त्वचारोगतज्ज्ञ पॉल उन्ना याने जस्ताच्या मलमात भिजवलेली पट्टी पायाला गुंडाळण्याची पद्धत रूढ केली. ती ‘उन्ना बूट’ म्हणून आजही वापरात आहे.

शिरेवरच्या शस्त्रक्रियेचे आधुनिक पर्व फ्रीडरिख ट्रेंडेलेनबर्गपासून सुरू होते. मांडीच्या आतल्या बाजूने वर जाणारी लांब शीर बांधून टाकली तर वरून खाली येणारा रक्ताचा लोंढा थांबतो आणि व्रण भरतो, हे त्याने १८९० च्या सुमारास दाखवले. १९०५ ते १९०७ या काळात अमेरिकेतील केलर, मेयो आणि बॅबकॉक यांनी शीर तारेवर घेऊन मांडीपासून खाली ओढून काढण्याची पद्धत विकसित केली. १९३८ मध्ये बॉस्टनच्या रॉबर्ट लिंटनने जोडशिरा बांधण्याची मोठी शस्त्रक्रिया मांडली. ती परिणामकारक होती, पण आधीच नासलेल्या कातडीवर लांब छेद घ्यावा लागत असल्याने ती जखमही पुष्कळदा चिघळत असे.

मिरज आणि मंगळवेढा

पेशवाईनंतर मंगळवेढा पटवर्धनांच्या सांगली संस्थानात होता. मिरजप्रांत, कुची, मंगळवेढा, शिरहट्टी, तेरदाळ आणि शहापूर हे त्या संस्थानाचे सहा तालुके. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि मंगळवेढा सोलापूर जिल्ह्यात आला. याच मुलखात १८८९ मध्ये कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वॉनलेस अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉक्टर म्हणून आले. १८९४ मध्ये मिरजेला त्यांचे रुग्णालय उघडले. ट्रेंडेलेनबर्गच्या शस्त्रक्रियेला तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती. निर्जंतुक शस्त्रक्रिया, भूल देण्याची सोय आणि प्रशिक्षित परिचारिका दक्षिण महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात ज्या संस्थांमुळे रुजल्या, त्यांत मिरजेचा वाटा फार मोठा आहे. तिथे वैद्यकीय शाळा निघाली, कुष्ठरुग्णांसाठी आश्रय उभा राहिला. १९२८ मध्ये वॉनलेस यांना ‘सर’ हा किताब मिळाला. सांगली-मिरजेच्या मधली वॉनलेसवाडी त्यांचे नाव आजही सांगते.

मिशनच्या दवाखान्याचे मोल शस्त्रक्रियेइतकेच ड्रेसिंगच्या टेबलावरही होते. कुठल्याही जातीच्या माणसाचा पाय हातात घेऊन धुणे आणि बांधणे हे तिथल्या परिचारिकांचे रोजचे काम होते. शतकानुशतके नाकारलेला स्पर्श तिथे मिळू लागला.

मिरजेचा रस्ताही हळूहळू जवळ आला. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी १९०६ मध्ये कुर्डुवाडीहून पंढरपूरला पोहोचली आणि १९२७ मध्ये पंढरपूरहून थेट मिरजेपर्यंत गेली. मंगळवेढ्याच्या रुग्णाला बैलगाडीने पंढरपूर गाठून तिथून रेल्वेने मिरजेला जाणे शक्य झाले. तरीही शिरेच्या शस्त्रक्रियेसाठी भूल, रुग्णालयातला मुक्काम आणि नंतरची काही आठवड्यांची विश्रांती लागे. हातावर पोट असणाऱ्याला तितके दिवस मजुरी सोडणे परवडत नसे. त्यामुळे शस्त्रक्रिया माहीत असूनही बहुतेकांचा इलाज पट्टीपाशीच थांबे.

गिरण्या, उभे काम आणि बसण्याचा हक्क

१८७७ मध्ये सोलापूरला पहिली कापड गिरणी निघाली. तिला आजही ‘जुनी मिल’ म्हणतात. पुढे आणखी गिरण्या आणि यंत्रमाग आले आणि आसपासच्या दुष्काळी तालुक्यांतील माणसे तिथे कामाला गेली. साच्यापुढे उभे राहून पाळी भरणे हे शिरांसाठी वाईटच. चालताना पोटरीचा पंप चालू राहतो. एका जागी उभे राहिल्यावर तो थांबतो. कारखान्यातील कामाचा दिवस १९२२ मध्ये ११ तासांवर, १९३४ मध्ये १० तासांवर आणि १९४८ च्या कारखाना कायद्याने ९ तासांवर आला. या १९४८ च्या कायद्याच्या ४४ व्या कलमात उभ्याने काम करणाऱ्या कामगारांसाठी बसण्याची सोय असलीच पाहिजे, अशी तरतूद करण्यात आली. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतील नोकरांनाही कायद्याने बसण्याचा हक्क दिला. शेतमजूर बाईला असा कायदा अजून लाभलेला नाही.

बाळंतपणाचाही इथे विचार करावा लागतो. गर्भारपणात पोटातल्या शिरांवर दाब येतो, आणि बाळंतपणानंतर पडून राहिल्याने पायाच्या खोल शिरेत गुठळी होण्याचा धोका असतो. गुठळी विरघळली तरी झडपा खराब होऊन जातात आणि व्रण कित्येक वर्षांनी, पन्नाशी-साठीत उघडतो. त्या वेळी कारणाचा धागा बाळंतपणापर्यंत कुणी नेत नाही.

पट्टीचे शास्त्र

१९६३ मध्ये सोलापूरला वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पुढे ते डॉ. वैशंपायन यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. जिल्ह्याच्या ठिकाणी शल्यविभाग आणि शिक्षण दोन्ही आल्यामुळे मंगळवेढ्याच्या रुग्णाला मिरज किंवा पुणे गाठण्याची गरज कमी झाली.

याच काळात पट्टीला शास्त्र मिळाले. घोट्यापाशी सुमारे ४० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब आणि वर गुडघ्याकडे कमी होत जाणारा दाब दिला, तर शिरांमध्ये साचलेले रक्त वर सरकते, सूज उतरते आणि व्रण भरू लागतो. लंडनमधील चेरिंग क्रॉस रुग्णालयात १९८० च्या दशकाच्या अखेरीस चार थरांची पट्टी विकसित झाली. पट्टी बांधण्यापूर्वी पायाच्या धमनीतले रक्त पुरेसे आहे ना, हे घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून पाहावे लागते. धमनी आक्रसलेली असताना घट्ट पट्टी बांधली तर पाय गमावण्याची वेळ येते.

दाबपट्टी हा आजही उपचाराचा पाया आहे. सोलापूर जिल्ह्याच्या एप्रिल-मे महिन्यांतल्या चाळिशीपुढच्या उन्हात ती दिवसभर पायावर ठेवणे मात्र कठीण जाते. शेतात पट्टी भिजते, मळते, सैल पडते. मंगळवेढ्याच्या दक्षिण भागातील ३५ गावांचा पाणीप्रश्न अनेक वर्षे गाजत राहिला. जिथे पिण्याचे पाणी दुरून आणावे लागते, तिथे जखम रोज स्वच्छ धुणे हेही सोपे नसते. शिवाय वरच्या बांधाला भगदाड पडलेले असताना खालच्या वाफ्यातले पाणी उपसत राहावे, तसे पट्टीचे काम आहे. शिरेतली गळती बंद होत नाही तोवर ते कधीच संपत नाही.

सुईच्या छिद्रातून

गळती नेमकी कुठे आहे हे कळण्यासाठी शीर डोळ्यांना दिसायला हवी. ध्वनिलहरींनी शिरेचे चित्र आणि रक्ताची दिशा एकाच वेळी दाखवणारे डुप्लेक्स तंत्र १९७० च्या दशकात अमेरिकेतील सिॲटल येथे विकसित झाले. आपल्याकडे ते ‘कलर डॉपलर’ म्हणून ओळखले जाते. १९९४ मध्ये हवाई बेटांवर जमलेल्या तज्ज्ञांनी शिरांच्या आजाराचे ‘सीप’ हे वर्गीकरण ठरवले. त्यात भरून आलेला व्रण पाचव्या आणि उघडा व्रण सहाव्या पायरीवर येतो.

शीर कापून काढण्याऐवजी आतूनच बंद करण्याची तंत्रे त्यानंतर आली. १९९९ मध्ये अमेरिकेत रेडिओलहरींच्या उष्णतेने शीर बंद करण्याच्या उपकरणाला मान्यता मिळाली. त्याच वर्षी स्पेनच्या कार्लोस बोने यांनी शिरेच्या आतून लेझर देण्याचा अनुभव मांडला, आणि २००२ मध्ये अमेरिकेत त्या तंत्रालाही परवानगी मिळाली. दोन्हींची रीत सारखीच आहे. गुडघ्याजवळ सुईने शिरेत शिरून डॉपलरच्या पडद्यावर पाहत बारीक तार मांडीच्या वरच्या टोकापर्यंत नेतात. शिरेभोवती बधिर करणारे औषध मिसळलेले पाणी सोडतात. त्यामुळे वेदना होत नाही, शीर तारेभोवती आवळली जाते आणि उष्णतेपासून आजूबाजूच्या ऊती वाचतात. मग तार हळूहळू मागे घेत शिरेची भिंत आतून भाजून बंद करतात. रेडिओलहरींच्या उपकरणात टोकाचे तापमान सुमारे १२० अंश सेल्सिअस असते. टाके पडत नाहीत आणि रुग्ण काही वेळातच चालू लागतो. बंद झालेल्या शिरेचे काम खोल शिरा आणि इतर चांगल्या शिरा करतात.

उष्णता न वापरता शीर बंद करण्याचेही मार्ग आहेत. औषधाचा फेस करून तो शिरेत सोडणे हा त्यांतला एक. स्पेनच्या हुआन काब्रेरा यांनी १९९५ मध्ये तो मांडला आणि इटलीच्या लॉरेन्झो तेस्सारी यांनी २००० मध्ये दोन सिरिंज आणि तीन तोंडांच्या तोटीच्या साहाय्याने फेस बनवण्याची अगदी स्वस्त रीत शोधली. जखमेच्या खालच्या नागमोडी शिरांपर्यंत हा फेस पोहोचतो. २०१५ मध्ये अमेरिकेत शीर वैद्यकीय गोंदाने चिकटवण्याच्या तंत्रालाही मान्यता मिळाली. पोटातील मोठी शीर अरुंद किंवा बंद झाली असेल तर तिथे जाळीची नळी बसवतात. खोल शिरा बंद असलेल्या पायातली वरची शीर विचार न करता बंद केली तर नुकसान होऊ शकते. म्हणून तपासणीआधी उपचार नाही, हा या शाखेचा नियम आहे.

पुराव्याचा कौल

शीर बंद केल्याने व्रणाला खरोखर किती फायदा होतो, हे ब्रिटनमधील दोन मोठ्या अभ्यासांनी दाखवले. ‘एस्कार’ या अभ्यासात ५०० रुग्ण होते आणि त्याचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. फक्त दाबपट्टी दिलेल्या आणि पट्टीसोबत शस्त्रक्रिया केलेल्या, अशा दोन्ही गटांत २४ आठवड्यांत सुमारे ६५ टक्के व्रण भरले. परंतु वर्षभरात व्रण पुन्हा उघडण्याचे प्रमाण पहिल्या गटात २८ टक्के, तर दुसऱ्यात १२ टक्के होते. चार वर्षांनी हे आकडे ५६ आणि ३१ टक्के झाले.

‘एव्हरा’ हा दुसरा अभ्यास २० केंद्रांत ४५० रुग्णांवर झाला आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वांना दाबपट्टी दिली होती. एका गटात दोन आठवड्यांच्या आत शीर आतून बंद केली. दुसऱ्या गटात जखम भरेपर्यंत किंवा सहा महिने थांबून मगच तो विचार केला. लवकर उपचार झालेल्यांच्या व्रणाला भरायला लागणारा मध्यक काळ ५६ दिवस होता, थांबलेल्यांचा ८२ दिवस. २४ आठवड्यांत पहिल्या गटातील ८५.६ टक्के आणि दुसऱ्यातील ७६.३ टक्के व्रण भरले. आधी जखम भरू द्यावी आणि मग शिरेकडे पाहावे, हा जुना क्रम या अभ्यासाने बदलला.

आजचा मंगळवेढा

मंगळवेढ्यात ग्रामीण रुग्णालय आहे, पंढरपुरात उपजिल्हा रुग्णालय आहे, सोलापुरात वैद्यकीय महाविद्यालयाचे सर्वोपचार रुग्णालय आहे. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होता. पुढे ती महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना झाली. साधने जवळ आली आहेत. उशीर होतो तो ओळखण्यात. जखम दिसते, शीर दिसत नाही. म्हणून मलम बदलत राहते, प्रतिजैविकांचे डोस चालू राहतात आणि वर्षे जातात. संसर्गाची लक्षणे नसताना प्रतिजैविकांनी हा व्रण भरत नाही. अनेक वर्षे उघडा राहिलेला व्रण क्वचित कर्करोगात बदलतो. फ्रेंच शल्यवैद्य मार्जोलिन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अशा व्रणाचा तुकडा तपासावा लागतो.

उपचारानंतरही काही सवयी आयुष्यभर सांभाळाव्या लागतात. रोज चालावे. रात्री झोपताना पाय उशीवर उंच ठेवावेत. रानात धसकटांपासून पाय झाकलेले असावेत. पंढरीच्या दर्शनबारीत किंवा बाजारात बराच वेळ उभे राहावे लागले, तर टाचा वरखाली करत पोटरी हलती ठेवावी. डॉक्टरांनी सांगितलेले दाबाचे मोजे सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वीच चढवावेत.

मंगळवेढ्यातल्या आशा कार्यकर्त्या, परिचारिका आणि खासगी दवाखाने यांनी घोट्यावरच्या प्रत्येक जुन्या जखमेकडे शिरेचा आजार म्हणून पाहिले, तर हा इतिहास इथल्या माणसांच्या उपयोगी पडेल. गुडघ्याखालची जखम दोन आठवड्यांत भरत नसेल, पायावर निळ्या-हिरव्या शिरा फुगलेल्या असतील किंवा घोट्याभोवतीची कातडी काळवंडली असेल, तर घरगुती लेप थांबवावेत, साखर तपासून घ्यावी आणि दोन्ही पायांचे कलर डॉपलर करून घ्यावे. कारण कळले की हा व्रण बहुतेकांचा भरतो.